खाच

सायकल सरळ जात होती, हीच तक्रार होती.
पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला, मिठागरांच्या कडेने,
हात सोडले तरी सरळ.
वळायचं म्हटलं की हँडल आधी नाही म्हणायचं,
मग एकदम हो.

मी वरची टोपी आवळली.
पुढच्या रविवारी आणखी पाव फेरा.
गप्प बसलेल्या माणसाला आपण
अजून दोन शब्द सुनावतो, तसं.

टेंभीपाड्याच्या चढावर दस्तगीरचं दुकान,
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा,
डिझेलचा डबा, ब्रश, छताला टांगलेली तीन चाकं.
त्याने पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली.
"ढिलं नाही. तुम्ही आवळलंय."
मी टोपीकडे बघत राहिले.
त्याने पुढचं चाक जमिनीवरून उचललं.
"डोळे मिटा. दोन बोटांनी फिरवा. हळू."

सतरा वर्षं मी लोकांचे कान तपासते.
काचेपलीकडच्या माणसाला सांगते,
आवाज आला, आल्यासारखा वाटला, तरी बटण दाबा.
डावीकडे काही नाही.
उजवीकडे काही नाही.
मधोमध, कट्.
पुन्हा आणलं. कट्.
बटण नव्हतं, म्हणून मी "हं" म्हटलं.

आधी आडवे बोल्ट सैल, मग टोपी.
फोर्क खाली घसरतो,
तर त्याचा एक हात आधीच तिथे होता.
वरचं बेअरिंग चांगलं निघालं, ग्रीसही जागच्या जागी.
खालचं निघेना.
पेचकसाच्या मुठीने टिचकी, आणखी एक,
शेवटी निघालं ते तांबडं पाणी घेऊन.
"खाडीचं," तो म्हणाला. "चाक उडवतं ते सगळं
खालचंच पितं. वरच्याला पत्ताही नसतो."

सुरीच्या टोकाने सील उचकटलं,
रिंगा वेगळ्या केल्या, पुसल्या,
आणि नखाने दाखवलं.
ओळीने खळगे.
पुढचे आणि मागचे खोल, बाजूचे नुसते डाग.
प्रत्येक गोळीने आपापली बसायची जागा कोरलेली.

"वळत नाही ना फारसं?"
मी म्हटलं, रस्ताच सरळ आहे.
"असू दे की. वळलं की गोळी सरकते,
नवं ग्रीस अंगाखाली घेते.
सरळ जाताना एकाच जागी बसून मार खाते बिचारी."

बेअरिंग काळबादेवीहून यायचं होतं. मंगळवारी या.

मंगळवारी त्याने बोटाने ग्रीस भरलं,
माझ्या हातात चावी दिली.
"ठकठक थांबेपर्यंत आवळा."
आणि थांबल्यावर?
"थांबल्यावर चावी खाली ठेवायची."
मग एक डोळा मिटून चाकाच्या रेषेत हँडल आणलं,
आडवे बोल्ट आलटूनपालटून, थोडं हा, थोडा तो.

उतारावर हँडल इतकं हलकं की भीती वाटली.
आता हात सोडता येत नाहीत,
सायकल कुठेही बघते.
एका ढोकरीसाठी मी कच्च्या बांधावर वळले,
ती उडून गेली,
मी चिखलात पाय टेकून उभी.

जुनी रिंग मागून घेतली होती.
दवाखान्यात यंत्राशेजारी ठेवलीय.
पेशंट येईपर्यंत खळगे मोजले, चौतीस.
परत मोजले. छत्तीस.