मान

हेघिनेनं पान आणलं होतं हातरुमालात बांधून,
पडलेला दात कुणी वैद्याकडे आणावा तसं.
पिवळं. शिरा तेवढ्या हिरव्या.
"लोह कमी पडलंय, पार्गेव म्हणतो.
मूठभर गंजके खिळे पुरले मी बुंध्याशी.
मग मोरचूद फवारलं. मग राख.
मग चर्चमधून आणलेलं पाणी."
दुखणं रेड्याला, औषध पखालीला.
हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, चल, झाड दाखव.
पान सगळ्यात शेवटी बोलतं,
आणि ऐकीव बोलतं.

अश्तारकमधली तिची बाग म्हणजे
गुलाबी दगडाच्या भिंतीआडचा चार खाटांचा तुकडा,
खाली दरीत कासाख नदी,
मधोमध हे जर्दाळूचं झाड.

बावीस वर्षं झाडं तपासली मी सरकारी केंद्रात.
केंद्र बंद पडलं, चाकू तेवढा घरी आणला.
गुडघे कुरकुरतात आता, पण नख चालतं.
शेंड्याची फांदी खरवडली. तपकिरी.
वीतभर खाली. तपकिरी.
आणखी खाली, झोक्याच्या दोराचा जुना वळ आहे तिथे,
ओलसर, फिका,
काकडीच्या सालीआडचा असतो तसा हिरवा.
हेघिने माझ्या नखाकडे बघत होती,
लोक डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतात तशी.

बुंध्यावर डिंकाचे गोळे, मधाच्या रंगाचे.
लहानपणी आम्ही हाच चघळायचो.
खपली आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

झाड मातीत शिरतं तिथे बुंधा जरा पसरतो,
बसलेल्या बाईच्या झग्यासारखा.
हा खांबासारखा सरळ आत गेला होता.
मी पुदिना उपटला, जांभळा सब्जा उपटला,
हातानं उकरत गेले.
वीतभर खाली सापडली झाडाची मान,
काळी, ओली, आंबूस वासाची.
साल बोटाबरोबर निघून आली,
उकडलेल्या बटाट्याची येते तशी.

"माती कुणी चढवली?"
"मीच. दर वर्षी थोडी. थंडी वाजू नये म्हणून."
"पाणी?"
"संध्याकाळी सहाला."
"रोज?"
"हराइर गेल्यापासून."
क्रास्नोदारला, ट्रकवर. सहा वर्षं झाली.
"सहाला त्याचा फोन यायचा.
आता रविवारी येतो.
बाकीचे दिवस मी झारी भरते."

रोगांची नावं मला पाठ आहेत,
बुरशीची, किडीची, लॅटिनमधली लांबलचक.
एकही इथे चालेना.
तिला कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत होते,
तेवढ्यात दिसलं,
झारी तिनं पायानंच हळूच
भिंतीआड सरकवली होती.

सांगितलं ते एवढंच:
मान उघडी राहू दे, वारा लागू दे.
सडकी साल मी काढते, वर मोरचूद-चुन्याचा लेप.
वाळक्या फांद्या कोरड्या दिवशी कापू,
प्रत्येक कापानंतर चाकू स्पिरिटनं पुसून.
पाणी पंधरवड्यातून एकदा,
तेही बुंध्यापासून चार पावलं लांब.
आणि रोज सहा वाजता काय,
ते तिनं विचारलं नाही,
मी लिहून दिलं नाही.

ऑगस्टमध्ये गेले.
अर्धं झाड नव्हतं.
उरलेल्या अर्ध्यावर नखाएवढी पानं, जरा गडद.
फळ यंदा नाही. पुढच्या वर्षाचंही
मी कबूल करत नाही.
पुदिना तेलाच्या डब्यात, दाराशी.
सहा वाजले. हेघिने झारी घेऊन बाहेर आली,
कोरडी. आत एक खिळा वाजत होता.
चार पावलं लांब थांबली. मोजून.
झारी उपडी घातली, तिच्यावर बसली.
"न्हाऊ घातल्यावर त्याची मान अशीच दिसायची," म्हणाली,
"मळ काढल्यावर."

मी चाकू पुसत राहिले. स्वच्छच होता.

भिंतीपलीकडे पार्गेवचा पाइप चालू,
आलुबुखाराच्या बुंध्याशी, दुपारपासून.
हेघिने उठली, टाचा उंचावल्या
आणि भिंतीवरून ओरडली,
"अरे, बुडवशील त्याला! माती काढ आधी,
गळ्याशी बघ!"