ओल्या सोफीच्या आधी

मुरा नदीकडून येणारा वारा
मेच्या आठ तारखेला कोमट लागला, आणि येर्ने फसला.
ग्राझच्या कारखान्यात एकवीस वर्षं पाळ्या केलेला माणूस,
त्याला वाटतं, भोंगा झाला की मातीही कामाला लागते.

मी म्हटलं, थांब.
पान्क्रात्सी, सर्वात्सी, बोनिफात्सी,
तीन संत, तिघेही बर्फाचे,
बारा, तेरा, चौदा.
पंधराला ओली सोफी येते, स्कर्ट झटकते, जाते.
मग काढायचे टोमॅटो बाहेर.
तो हसला.
गुडघ्याला बाशिंग बांधूनच जन्मलाय माझा भाऊ.

चोवीस रोपं होती.
मार्चपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत, दह्याच्या डब्यांतून.
रोज सकाळी मी डबे अर्धा वळसा फिरवायची,
मान एकाच अंगाला वाकडी राहू नये म्हणून.
त्यानं ती एका दुपारी लावून टाकली,
सुतळी ताणून, सरळ रेषेत,
आणि एक हातमोजा हरवून आत आला.

कोंबड्या सात.
खुराडं म्हणजे आईचं कपड्यांचं कपाट,
दाराचा आरसा अजून शाबूत,
त्यामुळे पाहुण्यांना त्या चौदा दिसतात.
कोंबडा नाही. गेल्या शरदात कोल्ह्यानं नेला.
त्यातली एक तपकिरी, तुऱ्यामागे केसांची बट,
तिला आम्ही पोस्टमास्तरीण म्हणतो, कारण
कुणाचं काही आलं तर आधी ती उघडून बघते.
तीन आठवडे झाले, खुडूक. अंडं नाही, बूड हलवणं नाही,
हात लावला की चोच.
येर्ने म्हणाला, रविवारी सूप.
मी म्हटलं, बघू.

आमच्या घरात बघू म्हणजे नाही.
तो फार वर्षं बाहेर होता.

तेराच्या रात्री दोन वाजता
मला थंडीचा आवाज आला. म्हणजे आवाज बंद झाल्याचा.
ओढ्यातले बेडूक एकदम गप्प.
मी त्याचं दार ठोठावलं, तो मोज्यांवरच बाहेर आला.
चादरी, पुठ्ठे, दोन बादल्या,
वडिलांचा चर्चला जायचा कोट,
धुण्याचं निळं घमेलं,
हाताला लागेल ते पालथं घालत, पांघरत,
कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात दोघं वाकलेलो.
बोललो नाही.
त्याच्या तोंडातून वाफ निघत होती, नाहीतर शिव्या.

सकाळी चादरी पापडासारख्या कडक.
कापड जिथे पानाला टेकलं तिथून पान गेलेलं.
एकोणीस रोपं काळी,
उकळून विसरलेल्या पालकासारखी.
बादलीखालचं एक कसंबसं.
येर्ने एकेकाजवळ उकिडवा बसत होता,
देठाला बोट लावत होता,
पाळी संपल्यावर यंत्राला लावत असेल तसं.

मग घमेलं उचललं.
आत पोस्टमास्तरीण.
कधी शिरली, कुणास ठाऊक. अंधारात आम्हीच झाकली असणार.
भोवती चार रोपं.
एकाचा तिनं फक्त दांडा ठेवला होता,
उरलेली तीन हिरवी, दमट, ताठ,
आणि घमेल्यातून येणारी ऊब
तोंडावर यावी इतकी.
ती उठेना. येर्नेनं हात घातला,
तिनं चोच मारली, रक्त काढलं.
तिच्या पोटाखाली त्याचा हातमोजा,
पाचही बोटं नीट आत दुमडलेली.

त्यानं तो मागितला नाही.

पंधराला सोफी आली, दिवसभर भिजवत राहिली.
बाजारातून नवी रोपं आणायला म्हणून तो गेला
आणि विल्माकडून टोपीत अकरा अंडी घेऊन आला,
तिचा कोंबडा भांडकुदळ आहे पण कामाचा.
अंधार पडल्यावर एकेक अंडं
तिच्या खाली सरकवलं, शर्टाची बाही ओढून घेऊन.
एकवीस दिवस, विल्मानं सांगितलं होतं.
चुलीशी बसून तो बोटांवर मोजत राहिला,
चुकला, पुन्हा मोजू लागला.

मी मटार सोलत होते. विचारलं,
मग, रविवारी सूप?

बघू, म्हणाला.