हूडिके

हुबळीचे शिरगुप्पी साहेब पांढऱ्या गाडीतून आले
आणि गाडी फाट्यावरच ठेवावी लागली.
पुढचे चार किलोमीटर पायी.
मी दुभाष्या. दिवसाचे आठशे,
जमीन गेली तर वर एक टक्का.
आमटोळीत कानडी वाचणारा मी एकटा,
म्हणून पहाणीपत्रक, जंगल खात्याची नोटीस,
गोळ्यांच्या पाकिटावरचं मुंगीएवढं अक्षर,
सगळं माझ्याच दारात येतं.

वाटेत त्यांनी विचारलं, नेटवर्क?
मी म्हटलं, मोनाप्पाच्या गवताच्या गंजीवर चढलं की
एक काडी.
दवाखाना?
खानापूर. फाट्यापर्यंत सात माणसं लागतात:
चार खांद्याला, दोन बदलीला,
एक पुढे बॅटरी धरून.
साहेबांनी वहीत लिहिलं, सात.

ओढ्यात घोट्याएवढं पाणी. त्यांनी बूट हातात घेतले.
दोन्ही काठांना गेल्या सालचे खांब उभे,
त्यांना वेलींचे पीळ, सुकून काथ्यासारखे.
हे काय?
साकव, म्हटलं. आत्ता नाही. असतो.

देवळाच्या सोप्यावर त्यांनी ड्रोन सोडला.
कोंबड्या फणसाखाली पळाल्या,
रेमाण्णाच्या बायकोनं वाळत घातलेल्या काजूबियांवर
घाईनं पदर धरला.
पडद्यावर आमचं गाव. बत्तीस छपरं.
चाळीस वर्षांत मी ते वरून कधी बघितलं नव्हतं.
चिमटीत मावेल एवढं.

मग साहेब बोलले. बारा लाकडी खोल्या,
उशीवरूनच दिसणारा गवा,
धुकं, पक्षी, सहा वर्षांत दुप्पट.
ह्यांना सांग, म्हणाले, हूडिके.

तिथं मी अडलो.
कानडीत हूडु म्हणजे बैल जुंपायचे.
जू मानेवर, नांगर खाली, चल.
आणि आमची गुंतवणूक, तिच्यात
आधीच गुंता,
करवंदीच्या जाळीत अडकलेल्या लुगड्यासारखा.
कुठला शब्द टाकू ह्या सोप्यावर?
पैसे घालायचे, म्हटलं शेवटी. मग वाट बघायची.

शटुप्पा म्हणाला, आम्ही बी घालतोय की.
दरसाल वैशाखात, घरटी दोन लाकडं, चार दिवस माणूस.
जंगल खातं नको म्हणतंय, तरी.
सोसायचं तवर सोसतोय साकव,
नाहीतर वाहून जातोय.
साहेबांनी विचारलं, आणि रिटर्न?
मी विचारलं, परतावा?
शटुप्पानं माझ्याकडं असं बघितलं
जसं मीच परमुलखातला.
परततोय की. काळोख व्हायच्या आत,
सगळे.
मी साहेबांना सांगितलं, शंभर टक्के.
ते हसले. लिहून घेतलं.

मोनाप्पाची सुगंधा बारावी झालेली, खांबाला टेकून होती.
बारा खोल्यांना संडास किती, तिनं विचारलं,
आणि पाणी कुठल्या झऱ्याचं?
कारण झरा एकच हाय,
आणि चैत्रात घागर भरायला
अख्खी बिडी ओढून होतेय आबाची.
मी हे सगळं कानडीत नेलं, बिडीसकट.
साहेब जरा थांबले. नोडोण, म्हणाले.
बघूया, मी म्हटलं.
दिवसभरात हा एकच शब्द
काही न सांडता ह्या काठाचा त्या काठाला पोचला.

परतताना ओढ्यात त्यांचा पाय घसरला,
त्यांनी माझा खांदा धरला, आणि पार झाल्यावरही
जरा वेळ सोडला नाही.
मऊ हात. घाबरलेला.
मी मनात टक्क्याचा हिशेब करत होतो:
सेकंडहँड मोटारसायकल येईल,
उरलं तर आईचा चष्मा.
मोटारसायकल ठेवायची कुठं, फाट्यावर?

गाडी वळली. आठशे मोजून खिशात घातले.
माझ्या घरची दोन लाकडं
यंदा अजून द्यायचीत.
एक बघून ठेवलंय, किंदळाचं, सरळ.
दुसरं त्या बारा एकरातच आहे.