गावाच्या रकान्याशेजारी

सेंट्रीफ्यूज थांबलं की लाल खाली बसतं
आणि वर उरतं ते रक्ताचं पाणी,
एरवी वाळल्या गवतासारखं फिकट.
त्या मंगळवारी तीन नळ्यांत
जवसाच्या तेलासारखं गडद होतं.

म्हटलं, असतात. हिवाळ्यात निघतात दोन-तीन.
नाव, वय, गाव, बिलिरुबिन.
सहा पूर्णांक दोन. नऊ. अकरा.

शुक्रवारी रुख्माबाई सिडाम
खिडकीच्या काचेत स्वतःची पापणी खाली ओढून पाहत होती.
"डोये पिवये झाले ना बापा."
गळ्यात वैदूनं दिलेली काड्यांची माळ.
ती रोज लांबते म्हणाली,
गुडघ्याला लागली का कावीळ उतरली.
तिची माळ लांबत होती,
माझं रजिस्टरही.

सोमवारी एल फॉर्म भरायचा असतो.
त्यात माणसं नसतात.
तपासले चौतीस, बाधित एकोणीस,
वाघझरी चार, कोसदरी पाच, येनगाव सहा, पारडी चार.
साहेब म्हणाले, चार गावं, चार विहिरी,
विखुरलेलं आहे, एवढं काही नाही.

आणि होतंच विखुरलेलं.
पल्स पोलिओच्या जुन्या पोस्टरमागे
पेन्सिलनं ठिपके काढले मी त्या रात्री,
लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात;
सुपातून सांडलेल्या ज्वारीसारखे
कुठेही पडले होते.

मग वय पाहिलं. मग बाई की माणूस.
एकोणिसात सोळा बायका,
सगळ्या कामाच्या वयाच्या.
घरची म्हातारी नाही, पोट्टं नाही.
विहीर अशी निवडून पाजत नाही कुणाला.

छापील रकान्यांत जागा नव्हती.
गावाच्या शेजारी पट्टीनं एक रेघ मारली
आणि वर लिहिलं: दिवसा कुठे?

जिनिंग.
जिनिंग.
शेतात, पण दिवाळीपासून जिनिंग.
ट्रॅक्टरनं जातो आमी, जिनिंगले.
तीन माणसांत दोन हमाल,
तिसऱ्याची चहाची टपरी, फाटकासमोर.

कापसाच्या ढिगाआड सिमेंटची टाकी,
साखळीनं बांधलेला एकच मग.
आणि बोअरचा पाइप संडासाच्या खड्ड्याला खेटून,
सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
निर्जंतुक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून
मी जिल्ह्याला नेली, एसटीत मांडीवर धरून,
शेजारच्या आजीनं विचारलं, तूप हाय का?

पाणी पिण्यास अयोग्य.
आठवड्यानं नागपूरहून रक्ताचंही आलं:
हिपॅटायटिस ई.
कागदावर तो एवढासाच होता,
माझ्या रेघेहून आखूड.

जिनिंग अकरा दिवस बंद राहिलं.
नवव्या दिवशी पंचफुला कुमरे खिडकीशी आली,
रिपोर्ट घ्यायला नाही, तो चांगलाच होता.
"तुमच्या कागदानं रोजी गेली मॅडम.
पानी काय, कुठं ना कुठं पेतोच आमी."
मी तिचा नंबर शोधत राहिले वहीत,
उत्तर शोधतेय असं वाटावं म्हणून.

टाकी धुतली तरी आकडा लगेच थांबला नाही.
हा रोग पाच-सहा आठवडे अंगात गप्प बसतो;
आज नळीत दिसतं ते
कधीचं प्यालेलं पाणी.
चौदा. नऊ. चार. एक.
होळीच्या आठवड्यात शून्य.
संगणक विचारतो, खात्री आहे ना?
शून्य भरलं तरच विचारतो.

साहेबांनी माझी रेघ आता छापून घेतली आहे,
नव्या रजिस्टरात तिला शाई आहे.

जुन्यात नमुना क्रमांक दोनशे बारा.
चंद्रकला, वय बावीस, वाघझरी,
दिवसा कुठे: जिनिंग.
सातवा महिना. बिलिरुबिन चौदा.
सेवाग्रामला पाठवली.
पुढचा रकाना कोरा.

आशाताई म्हणते, माहेरी गेली असंल.
माहेर कुठलं,
ते मी विचारलं नव्हतं.