गंगय्याची वही

गंगय्या हुबळीला लेकाकडे राहायला गेला
तेव्हा त्यानं लेथ विकला, सायकल कुणाला तरी दिली,
आणि तीन फुटांची काचेची टाकी
आम्ही चौघांनी उचलून वडगावात माझ्या घरी आणली.
तळाला चार बोटं पाणी, त्यात आडवी पडलेली झाडं.
मासे बादलीत, ओल्या पोत्याखाली.

सोबत एक वही. शंभर पानी, ग्रीसच्या डागांची,
सगळी कानडीत.
बत्तीस वर्षं उद्यमबागेत शेजारशेजारच्या मशीनवर
मी त्याच्याशी कानडीत भांडलो,
त्यानं मला मराठीत शिव्या घातल्या.
पण अक्षर?
बसची पाटी मी अजून तोंडं बघून ओळखतो.

म्हणून नेत्रा वाचते. शाळेत शिकलीय.
रात्री जेवणं झाल्यावर, पाय टाकीच्या स्टँडला लावून:
"बुधवारी तिसरा हिस्सा पाणी बदला.
राकसकोपचं पाणी आलं की रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडू दे.
फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका,
टाकीतल्याच पाण्यात पिळा.
त्या मळात राहतात ती आपली माणसं आहेत."
असं लिहिलंय?
असंच लिहिलंय, बाबा.

जावा फर्नचं खोड वाळूत गाडायचं नाही, कुजतं;
दगडाला बांधायचं.
शेजारच्या मागावरून तुटका दोरा आणला, जांभळा,
कुणाच्या तरी पदराचा राहिलेला.
गॅससाठी साखर, यीस्ट, कोमट पाणी, कोल्ड्रिंकची बाटली.
टोपणावरची पितळी झडप त्यानं स्वतः टर्न केलेली,
आटे इतके बारीक
की मी तेव्हा हसलो होतो, कुणाला श्वास घालतोयस रे?
सुगंधा म्हणते, महिन्याला दोन किलो साखर झाडांना,
आणि चहा आम्ही फिका प्यायचा.

तिसऱ्या आठवड्यात क्रिप्टची पानं वितळली.
पिवळी नाही, सुकलेली नाही, वितळली,
जास्त शिजलेल्या राजगिऱ्यासारखी.
मी बाही वर करून सगळं उपटायलाच निघालो होतो.
नेत्रानं पानं उलटली. "क्रिप्टची पानं गळली तर,"
आणि पुढं एकच शब्द, खाली दोन रेघा.

कायि.
काय?
कायि, बाबा.

कायि म्हणजे नारळ, एवढं तर मला येतं.
कपिलेश्वराला फोडला, करवंटी घरी आणून उकळली,
कानशीनं कडेला दार कोरलं, उपडी सोडली तळाशी.
संध्याकाळपर्यंत दोन मासे आत.
पानं गळतच राहिली.

रविवारी फोन केला. गंगय्या खोकला येईस्तोवर हसला.
"अरे मर्दा, नारळ नव्हं!
कायि म्हंजे थांब. वाट बघ.
जागा बदलली की ते पानं टाकतंय.
मुळं हायत की आत. हात लावू नको."
मग फोनमध्ये काहीच नाही,
मागं कुठंतरी कुकरची शिट्टी.
तिकडचं पाणी कसं आहे, मी विचारलं.
"जड," म्हणाला.
"अजून मानवलं न्हाई."

परवा वीज गेली, फिल्टर थांबला,
आणि त्या शांततेत बॅटरी मारली तर वाळूतून
एक पान वर आलेलं,
तांब्याच्या किसासारखं, लेथवरून नुकतं सुटलेलं,
अजून उलगडायचं.

नेत्रानं वहीत त्या शब्दाखाली
पेन्सिलनं मराठीत लिहून ठेवलंय: थांबा.
आणि त्याखाली, बारीक अक्षरात,
मासे राहतात म्हणून:
नारळ पण चालतो.