चाळीस फूट

कायतान म्हणाला, चाळीस फूट लागतात,
या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत.
आमच्या दोघांच्याही परसात
सलग चाळीस फूट नव्हते.
त्याच्याकडे अठ्ठाविसावर विहीर,
माझ्याकडे एकतिसावर फणस,
तोही बरका, पण वडिलांनी लावलेला.

बावीस वर्षं कॅनडात पाव भाजून
हा डिचोलीला परत आला,
दोन बॅगा, गुडघ्याला पट्टा
आणि हा खेळ घेऊन:
घोड्याचा नाल फेकायचा,
लोखंडी खुंट्यात अडकवायचा.
घोडा कुठाय, मी विचारलं.
तिथेही नव्हता, म्हणाला.

नाल केले गुणाजी च्यारीने
माझ्याच टिप्परच्या पाट्यांचे.
खाण बंद पडल्यापासून
टिप्पर काजूखाली उभा,
केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते.
दहा-दहा टन माती पेललेलं ते पोलाद
भात्यापुढे लाल झालं, वाकलं,
आणि गुणाजी म्हणतो,
मापाला कुणाचा तरी पाय आणा.

मग सुंभ घेतला.
चाळिसाव्या फुटावर गाठ मारून
परसभर हिंडलो,
दाव्याला धरून गाय हिंडवावी तसे.
शेवटी जिथे तो ताणून बसला
तिथे बरोबर मधोमध
सर्व्हेचा दगड,
ज्याच्यापायी आमचे बाप
अकरा वर्षं मामलेदाराकडे भांडले
हातभर जमिनीसाठी.
आम्ही दोघं दगडाकडे बघत राहिलो.
असू दे, कायतान म्हणाला,
नाल वरून जातो.

पहिल्या वितीतच चिरा लागला.
पिकास, ठिणग्या, दोन दिवस शिव्या,
त्याच्या पोर्तुगीज, माझ्या ड्रायव्हरी.
खुंटे ताठ नकोत, तो सांगत होता,
एकमेकांकडे जरासे कललेले हवेत,
नाहीतर आलेला नाल उसळून जातो.
माझी बायको पायरीवर तांदूळ निवडत होती.
तिने ऐकलं, आणि काही बोलली नाही.

खड्ड्यात भरायला चिकणमाती
गणपतीवाल्या सगुणाकडची, चवथीनंतर उरलेली.
मी जरा बिचकलो.
सगुण म्हणाला, घडली तर देव,
तोवर मातीच ती. घेऊन जा.

पहिला नाल माझा.
तो थेट सर्व्हेच्या दगडावर, ठण्ण!
केबिनमधली कोंबडी
ओरडत फणसापर्यंत गेली.

मग कायतानने गुण सांगितले:
खुंट्यात गुंफला तर तीन,
नाहीतर नालाच्या रुंदीइतका
जवळ पडला तरी एक.
लागलाच नाही, तरी?
लागलाच नाही, तरी.

छप्पन्न वर्षांत
असं कुणी मला मोजून दिलं नव्हतं.

दिसेनासं होईपर्यंत फेकत राहिलो.
कायतान सतरा, मी चार.
चारही नुसते जवळचे.
माती सुकू नये म्हणून
ओली पोती घालायची पाळी आज माझी.