कच्चा डाख

डबा उघडून तिनं माझ्या टेबलावर ठेवला
तेव्हा आत अजून बिस्किटांचा वास होता.
पत्र्याचा, नाताळातला, झाकणावर घोडागाडी,
घोड्याच्या डोळ्याच्या जागी लाल दिवा,
आणि आत वायरी,
घाईत घातलेल्या वेणीसारख्या.

'गुरुवारपर्यंत,' डेलीस म्हणाली.
'हा बोलता बोलता गप्प होतो.'

एकतीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलात
हृदयाचे आलेख काढणारी यंत्रं दुरुस्त केली.
हडर्सफील्डमध्ये गाण्याबजावण्यातलं
मला कुणी काही विचारत नाही.
पण डब्यावरचं मोठं बटण मी ओळखलं:
वॉर्ड अकरामधल्या, भंगारात गेलेल्या यंत्राचं.
कडेला पुसट अक्षरं, ठोके दर मिनिटाला.

ती समजावत राहिली, मी भिंग लावून बघत राहिलो.
ट्रॉम्बोनच्या तोंडाशी माइक,
माइकातून सूर डब्यात,
डबा त्याचे तुकडे करून उलटे फेकतो
तबकड्यांवरच्या ढोलांवर.
'म्हणजे मी माझ्याशीच भांडते,
आणि लोक नाचतात.'
स्पीकर तिच्या बापानं केलेले,
ग्रेनाडाहून आल्यावर, पहिल्याच हिवाळ्यात,
कपाटाच्या फळ्या कापून.
कपडे मग वर्षभर खुर्चीवर.

गुरुवारी कालव्याकाठच्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर.
लोखंडी खांब, तेल प्यायलेली जमीन.
'इथं माग होते,' दारातला पोरगा मला म्हणाला,
म्हाताऱ्याला काहीतरी सांगावं म्हणून.
मी मान हलवली.

इचलकरंजीत आमचे चार माग, भाड्याच्या जागेत.
त्या खडखडाटात आम्हाला झोप लागायची,
आणि वीज गेली की
सगळी गल्ली दचकून जागी व्हायची.

पाऊण तास सगळं जमून होतं.
ती एका हातानं तबकडी मागे ओढायची,
दुसऱ्यानं ट्रॉम्बोनची नळी पुढे ढकलायची,
आणि डबा तिचं वाक्य तोडून
तिच्याच तोंडावर मारायचा.
पोरं घामानं निथळत होती.
मी खांबाला टेकून, कोट न काढता.

मग घोड्याचा डोळा विझला.

कुठला डाख, मला तिथूनच कळलं.
डाव्या कोपऱ्यातला, शेवटचा. चहाआधीचा.
हात हल्ली थोडे हलतात.

मागे उरली नुसती गुणगुण, स्पीकरांची, विजेची,
सेकंदाला पन्नास.
गल्लीच्या तोंडाशी डीपी होती आमच्या,
तीही ह्याच सुरात.
आणि तबकडी संपून सुई शेवटच्या खाचेत,
टक.
टक.
मिनिटाला तेहतीस.
वॉर्डात कुणाचे तेहतीस आले असते
तर मी नर्सला हाक मारली असती.

डेलीसनं माझ्याकडे पाहिलं नाही.
तिनं डोकं कलतं केलं,
अंधारात भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसं,
आणि नळी हळूहळू ओढत त्या गुणगुणीजवळ गेली,
जरा खाली, जरा वर,
नळीला कुठे पडदे असतात,
आणि सापडला तिला.
तिथून जी मींड घेतली,
सावकाश, पुढच्या टकपर्यंत,
तिच्यापुढच्या टकपर्यंत.
नाचणारे उभे राहिले होते.
कुणीतरी शिंकलं. तेही चाललं.

शुक्रवारी डबा पुन्हा टेबलावर.
राखेच्या रंगाचा डाख, केसाएवढी चीर.
मी कानकोंडा होऊन इस्त्री तापवत होतो,
डाखायची.

'पक्का कर,' ती म्हणाली, 'आणि शेजारी एक खटका बसव.
मला हवा तेव्हा बंद पडला पाहिजे.'

घोड्याच्या पायाशी भोक पाडलं.
खटक्याखाली कागदाची पट्टी चिकटवून
बॉलपेननं, मराठीत लिहिलं:
वीज गेली.

काय लिहिलंस, तिनं विचारलं.
सांगायला बराच वेळ लागला.
माग, गल्ली, वडील, डीपी.
चहा दोनदा गार झाला.